बिनकावळ्याचं बेट

कोडोलीचा ज्ञानू बोलायला लागला की दोन बांधांपलीकडचा गडी मान वर करायचा. पण पोरगा गेल्यापासून महिनाभर त्याची वाचाच बसली होती. लोक म्हणायचे, काळजाचा दगड झाला. दगड निदान उन्हानं तापतो तरी. ज्ञानूला काहीच होत नव्हतं.

पोरगा राजवर्धन कोकणातल्या एका बेटावर, इंग्रजांच्या काळातल्या दीपगृहात नोकरीला होता. ऊसतोडीचा निरोप आला तेव्हा ज्ञानूनंच त्याला फोन केला होता, "रजा न्हाय तर नोकरी सोड, पर उद्याच्या उद्या घरी ये." पोरगा मोटरसायकलवरून निघाला आणि गगनबावड्याच्या घाटात, धुक्यात गेला. तोडीची टोळी आली ती चार दिवसांनी. फोनचं ज्ञानूनं कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. बयाबाई समजत होती, पोरगा आपल्या मनानं निघाला.

रक्षाविसर्जनाला निवदाला कावळा शिवला नाही. भावकीनं बहिणीच्या लग्नापासून म्हशीपर्यंत सगळी वचनं देऊन बघितली. कावळा चिंचेवर ढिम्म. शेवटी गाईला घास देऊन उरकलं. तेव्हापासून बयाबाईचं एकच, "जीव तितंच अडाकलाय त्येचा. म्हैन्याचा निवद बेटावर ठेवून या."

ज्ञानू निघाला. घाटातलं ते वळण आलं आणि गेलं. जन्मात पहिल्यांदा होडीत बसला, पण भीतीसुद्धा वाटेना. बेटावर राजवर्धनच्या जोडीदारानं गोल जिन्यानं वर नेऊन दिवा दाखवला. माणसाच्या उंचीचं भिंग, लखलखीत पितळ. "रोज तोच पुसायचा," जोडीदार म्हणाला. घरी म्हस धुवायची म्हटलं की ह्याच पोराचं पोट दुखायचं!

खाली कातळावर त्यानं दहीभात, भाकरी आणि खर्डा मांडला. तासभर वाट बघितली. शेवटी जोडीदार अवघडून म्हणाला, "काका, इथं कावळे नाहीत. एवढ्या लांब येतच नाहीत ते."

कावळा नाही अशी जागा जगात असेल, हे कोडोलीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्ञानू निवदाकडं बघत उभा राहिला. तेवढ्यात बयाबाईचा फोन आला.

"शिवला का वो?"

तिच्या जिवाला बरं वाटेल म्हणून तो म्हणाला, "शिवला. लगीच."

बयाबाई हुंदके देऊन रडली. मग नाक पुसत तिनं विचारलं, "काय बोल्लासा, म्हणून शिवला?"

कावळ्याचं खोटं निभावलं होतं, पुढचंही काहीतरी रचावं असं त्याच्या मनात होतं. पण महिनाभर आत जे बसलं होतं, तेवढंच तोंडाला आलं.

"म्हटलं, माझं चुकलं लेकरा. तोडीसाठनं तुला बोलवाय नको हुतं."

पलीकडं रडणं एकदम थांबलं.

"त्येला तुमी बोलावलासा?"

"व्हय," ज्ञानू म्हणाला.