कुंकवाची खूण

विहिरीवरचं तेलाचं इंजिन बंद पडून नऊ दिवस झाले होते. उसाची पानं दुपारी सुरळी होऊन उभी राहायची. त्याच्या हेडला, म्हणजे वरच्या लोखंडी डोक्याला, तडा गेला होता आणि झडपा उघडणारं कॅमशाफ्टही झिजलं होतं. सांगलीचा मिस्त्री पंधरवड्याशिवाय यायला तयार नव्हता. तेव्हा लढाईवरून परतलेल्या काकांनी ठरवलं, आपणच बदलायचं. पलटणीत ते लॉरी चालवत. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आलेली. माझं काम इंजिनाबरोबरचं इंग्रजी पुस्तक वाचून सांगणं.

शाफ्टचं दातेरी चाक काढण्याआधी काकांनी ते आणि शेजारचं चाक यांच्या एकमेकांत बसलेल्या दोन दातांवर, परत तसंच बसवता यावं म्हणून, कुंकवाचे ठिपके दिले. “कारखान्याने ठोकलेल्या खुणा असतात, असं लिहिलंय,” मी म्हणाले.

“आसतील. पर डोळ्याला दिसंल आसं पायजे.”

मग त्यांनीच ते चाक रॉकेलमध्ये खळाखळा धुतलं, ठिपक्यासकट. दुसऱ्या दिवशी सांगलीहून जुन्या बाजारातलं हेड आणि शाफ्ट गाडीतून आलं. घरात आलेल्या वस्तूची पूजा काकू करणारच. हेडला कुंकवाची बोटं उठली, धुतलेल्या चाकालाही एक ठिपका मिळाला. काका तेव्हा अंघोळीला गेले होते.

जेवणानंतर काकांनी ते चाक आलेल्या शाफ्टवर चढवलं आणि तो ठिपका आपलाच समजून जुळवलं. मी पाहत होते. बोलायचं होतं, पण विहिरीच्या धावेवर, मोटेच्या बैलांच्या जुन्या उतारावर, शेजारचे चौघे येऊन बसलेले.

“आता इंग्रजी वाचलं की पानी येतंय बगा!” एक जण म्हणाला. सगळे हसले.

हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे होते. मी आकडे वाचत होते. एक. चार. दोन. पुस्तकाची कड माझ्या घामाने मऊ झाली. हेड फुटलं तर दुसरं मिळणार नव्हतं. काकांनी इंजिन सुरू करायचं हँडल उचललं.

“काका, आधी बाहेरचं मोठं चाक हातानं फिरवा. दोनदा. पुस्तकात आहे.”

ते होतंच पुस्तकात. काकांनी सावकाश फिरवलं. अर्ध्यावर आत झडप आपटून टक् झालं आणि चाक अडलं.

“तो ठिपका तुमचा नाही. काकूंचा आहे,” मी म्हणाले.

धावेवर कोणी हसलं नाही. “कवापास्नं ठावं हाय तुला?” काकांनी विचारलं.

“जेवण झाल्यापासून.”

काकांनी दातेरी चाकाचं झाकण खोललं. रॉकेलच्या बोळ्याने दात पुसला. काळ्या तेलाखाली ठोकलेली बारीक खूण निघाली. त्यांनी माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं. “काढू नगंस.” चाक बसेपर्यंत मी ते काढलं नाही.

दिवस कलता कलता इंजिन धडधडलं. पाटातून पाणी निघालं, पण शेवटच्या सरीला पोचेपर्यंत मला उभं राहवेना, बसवेना. पोचलं, तेव्हा काकू कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि काकांना म्हणाली, “आता कुटं लावू, ते इचारा हिला.”

मी हेडकडे बोट केलं. चाकाचं झाकण तोवर घट्ट लावून झालं होतं.