वारुळामागचं पाणी

माझा स्वभाव संशयी आहे, असं सासरचे आणि माहेरचे दोन्हीकडचे म्हणतात. म्हणोत बापडे. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर घातली, तर मी आधी त्याची वांगी उलटीसुलटी करून बघते. त्यामुळे आमच्या साखर कारखान्यात पर्यावरणाची तपासणी होणार आणि तपासणारा बाहेरचा माणूस कारखान्यानंच बोलावलाय, हे कळल्यावर मला हसूच आलं. आमची साखर घेणाऱ्या कुठल्याशा मोठ्या कंपनीनं तशी अट घातली होती म्हणे. म्हणजे चहा, फराळ, शाल, नारळ आणि शेवटी सगळं उत्तम असल्याचा दाखला.

मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. उसाच्या रसाचे आणि साखरेचे नमुने तपासायचे. माझं सासर कर्नाटकात, हुमनाबादकडच्या एका गावात, आणि आमचं शेत कारखान्याच्या खालच्या अंगाला. मी नोकरीला लागल्यानंतर दोन हंगाम आमच्या विहिरीचं पाणी बिघडलेलं होतं. रंग चहासारखा, वास मळीचा. बैल तोंड लावायचे आणि मान फिरवायचे. गाळप बंद झालं की पाणी थोडं निवळायचं, सुरू झालं की पुन्हा तेच. पाणी कारखान्याचं, यात मला शंका नव्हती. पण ते येतं कुठून, हे सापडत नव्हतं, कारण कारखान्याचा आमच्या बाजूचा नाला कोरडा ठणठणीत असायचा.

मी बाटली भरून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती लांबूनच बघितली आणि विहिरीत पाला कुजला असेल म्हणाले. घरी सासूबाईंचं वेगळंच. ‘‘तू रोज तिथंच कामाला जायलीस, अन् तुला ठाऊक न्हाई व्हय?’’ कारखान्यात मी शेतकऱ्यांची आणि घरात मी कारखान्याची. ती विहीर गेली तर आमचं शेतही गेलं, एवढं मात्र दोन्हीकडं सगळ्यांना कळत होतं.

तपासणीला आलेला माणूस बेंगळूरचा होता. मध्यम वयाचा, कन्नड बोलणारा, सगळ्यांशी गोड. मला गोड माणसांचा भरवसा वाटत नाही. तो कारखानाभर फिरायचा आणि ज्याला त्याला एकच विचारायचा, आत पाणी किती येतं आणि बाहेर किती जातं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. तो मान डोलवायचा आणि दिला तो चहा प्यायचा. गेला हाही खिशात, असं मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात येळवस आली. आमच्या भागात त्या अमावास्येला गावात माणूस उरत नाही. सगळे आपापल्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, पूजा करतात, आंबील आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खातात, आणि शेतात जो येईल त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ‘‘पाहुण्यांना तुमच्या शेताला घेऊन जावा. चांगलं खाऊ घाला. संध्याकाळपर्यंत सोडू नका.’’

संध्याकाळपर्यंत सोडू नका! म्हणजे कारखान्यात त्या दिवशी त्यांना काहीतरी उरकायचं असणार. पण येळवशीला पाहुण्याला नको कसं म्हणणार? नेलं.

पाहुणा भज्जीवर तुटून पडला. माझ्या सासऱ्यांशी, म्हणजे मामांशी, त्याची कन्नडमध्ये लगेच गट्टी जमली. मला फक्त त्याची पिशवी खटकत होती. जेवतानाही त्यानं ती मांडीशी धरली होती.

ऊन कलल्यावर चर शिंपायची वेळ झाली. आंबिलीचं मडकं घेऊन सगळ्या शेताला बांधाबांधानं फेरी घालायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि ‘ओलगे ओलगे’ म्हणून ओरडायचं. पाहुण्यानं हौसेनं मडकं मागून घेतलं आणि पुढं झाला. आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात बाभळीच्या झुडपात नागोबाचं वारूळ आहे. त्याच्या मागं आमच्यातलं कुणी पाऊल टाकत नाही. लांबूनच आंबील उडवायची, हात जोडायचे आणि वळायचं. हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो तरातरा झुडपामागं गेला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. चुलत सासरे ओरडले, ‘‘अण्णा, तिकडं कामून जायलाव!’’

झुडपामागून त्याचा शांत आवाज आला. अक्का, जरा इकडं या, असं तो मला कन्नडमध्ये म्हणत होता. मी चप्पल काढली आणि मनातल्या मनात नागोबाची माफी मागून गेले.

गवतात एका पाईपाचं तोंड होतं. त्यातून काळपट पाणी एका खड्ड्यात पडत होतं आणि तिथल्या तिथं जिरत होतं. वास मळीचा. पाहुण्यानं मडकं खाली ठेवलं, पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि भरून घेतली. येळवशीच्या जेवणाला रिकामी बाटली घेऊन कोण येतं?

तो म्हणाला, ‘‘कारखान्यातला पाण्याचा मेळ बसत नव्हता. कुठंतरी ते जातच असणार. तुमचं शेत सगळ्यांत खाली, म्हणून बोलावल्याबरोबर आलो.’’

म्हणजे इतके दिवस हाही संशयच घेत होता. तो माणूस मला तेव्हा पहिल्यांदा आवडला.

पाईप आमच्या आधीचा आहे, आम्हाला माहीतच नव्हता, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. माझा त्यावर आजही विश्वास नाही. पण पाहुणा अहवाल टाकून निघून गेला नाही, पुन्हा पुन्हा येत राहिला. पाईप बुजवला. सांडपाण्याच्या तळ्याला खाली जाड प्लास्टिक अंथरून घेतलं. वाफेचं पाणी गार करून परत वापरायला शिकवलं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा रोज मेळ घालायचं काम त्यानं प्रयोगशाळेकडं, म्हणजे माझ्याकडंच लावून दिलं. पुढच्या हंगामात गाळप सुरू झालं तरी विहीर फारशी काळवंडली नाही. बैल पाणी प्याले.

मी खूश व्हायला हवं होतं. पण एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. वारुळामागं कुणी जात नाही, हे पाईप टाकणाऱ्या कारखान्याच्या माणसांना कसं कळलं? ते आमच्या बांधावरून फिरणाऱ्यालाच ठाऊक. आणि मॅनेजरसाहेबांनी तर त्याच भरवशावर पाहुण्याला बिनघोर आमच्या शेतात धाडलं होतं. मी दिराकडं तिरप्या नजरेनं बघायला लागले. चुलत सासऱ्यांशी तुटक बोलायला लागले. एका दुपारी विहिरीवर मामा एकटे भेटले, तेव्हा बोलून टाकलं. ‘‘मामा, ती जागा आपल्यातल्याच कुणीतरी दाखवली असणार.’’

मामांनी हातातला दोर सोडला नाही. ‘‘मीच दाखवलो.’’

मला वाटलं, थट्टा करतायत.

‘‘पावसाचं पाणी काढून द्यायचंय म्हणले. मळीचं म्हणले न्हाईत. तवा तुज्या नोकरीचं अडलं होतं. मी जागा दाखवलो, अन् मग तुला बोलावणं आलं.’’

‘‘मग दोन हंगाम गप कामून बसलाव?’’

‘‘बोललो असतो तर पाईप बंद झाला असता, अन् तुजी नोकरी बी.’’

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, मॅनेजरचा आला, आणि मार्कांवर नोकरी मिळाली म्हणून माहेरी पेढे वाटले होते, त्याची लाज वाटली. मी बाटल्या भरभरून मामांना दाखवत होते आणि ते बघून मान हलवत होते. साऱ्या जगावर संशय घेतला मी, पण ही नोकरी मला मिळालीच कशी, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

‘‘सोडतीस का आता?’’ मामांनी खाली बघूनच विचारलं.

‘‘न्हाई,’’ मी म्हणाले. ‘‘मी सोडलं तर पाणी मोजायला ते कुणाला बसवतील, काय सांगावं?’’

मामांनी दोर ओढून बादली वर घेतली. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी जपून बोलतो.