खालचा फळा, वरची पाटी

संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही तर उद्यापासून परत टायपिंगला बसायचं, असं साहेबांनी चारचौघांत सुनावलं. प्रोग्राम लिहिणारी ऑफिसातली मी एकटीच बाई, तीही लालबागच्या चाळीतली. डोकं सणकलं, पण प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

प्रोग्राम परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचा होता. एका केंद्राची यादी करताना मी बाकीची नावं गाळायचे, आणि पुढच्या केंद्राला नावंच उरायची नाहीत. पण मी तर मूळ यादीच्या नकलेतली नावं गाळत होते! नक्कल काढून देणारं फंक्शन साहेबांनी स्वतः लिहिलेलं, म्हणून तिकडे बघायची कुणाची छाती नव्हती.

मला आमचा फळा आठवला. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत तो चाळीच्या जिन्याखाली असायचा. त्यावर सभेची वेळ लिहायचं काम माझ्या आईचं. गिरणी सांभाळून अक्षरं शिकलेली बाई! प्रत्येक मजल्याला आपापली पाटीही होती, त्या मजल्यापुरती. आई पाटीवर वेळ लिहीतच नसे, ‘खाली बघा’ एवढंच लिही. वेळ बदलली तरी पाटी खोटी पडत नसे.

एकदा आमच्या मजल्यावरच्या बायकांना झेंडे पोचवायचे म्हणून तासभर आधी निघायचं होतं. मी आठ वर्षांची अतिशहाणी. पाटी वाचून खाली गेले आणि फळ्यावरचे पाच पुसून चार केले. सगळी चाळ तासभर उन्हात मैदानावर तिष्ठत राहिली.

आईने हात उगारला नाही. तिच्या मालवणीत म्हणाली, “खालचा सगळ्यांचा. आपल्यापुरता बदलूचा आसात तर आधी आपल्या पाटयेर उतरून घी, मगे पाटयेरचाच पुस.”

साहेबांचं फंक्शन उघडलं. ते नक्कल देतच नव्हतं, मूळ यादीचा पत्ता तेवढा हातावर ठेवत होतं. माझ्या यादीचं, म्हणजे व्हेरिएबलचं, नाव वेगळं, पण आत लिहिलेलं ‘खाली बघा’. मी एकेक नाव खरोखर वेगळ्या यादीत उतरवून घेतलं, मग त्यातून गाळलं. पाचच्या आत सगळ्या केंद्रांच्या याद्या साहेबांच्या टेबलावर होत्या. तेव्हा वाटलेला अभिमान अजून ओसरलेला नाही. त्यात माझा वाटा कमी, आईचा जास्त.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं.

“ह्या टायमाक फळो कोणी पुसल्यान?”

“मीच गं. पण पाटीच्या नावाखाली खालचा फळा माझ्या हातात दिला साहेबांनी.”

“मगे उद्या तेका एक पाटी नेऊन दी,” आई म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.