गिरीजची एकशे नव्वद कार्डं

लुईझा रक्तपेढीत सव्वीस वर्षं काम करतेय, आणि कुळथाचं पिठलं वाढताना अजूनही व्याख्यान देते. म्हणे, कुळथात एक प्रथिन असतं. ते ‘ए’ गटाच्या बहुतेक रक्ताला चिकटतं, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. घरचे म्हणतात, बाई, आधी जेवू दे!

पण बाई सांगते ते खरं आहे. आपल्या लाल पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, चहातली साखर नव्हे. प्रथिन अख्खी साखळी बघत बसत नाही, टोकाचा तुकडा तेवढा चाचपतं. आमच्या गिरीज गावात अर्ध्या घरांचं आडनाव एकच, मग माणूस कसा ओळखायचा? घराच्या नावावरून. तसंच हे. टोक जुळलं की प्रथिन पेशींना धरतं आणि काचपट्टीवर गुठळ्या दिसतात. ‘ए’ नाही, ‘बी’ नाही, की आपण बिनधास्त ‘ओ’ लिहून मोकळे.

तिथंच घात झाला.

मंगळवारी दुपारी स्टेफीचा नमुना आला. गिरीजचीच पोर, एकतीस वर्षांची, पहिलं बाळंतपण. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली, रक्त फार जायची भीती, म्हणून दुसऱ्या दिवशी सिझर आणि दोन पिशव्या रक्त तयार हवं. नवऱ्याने, रिचर्डने, घरातल्या आल्तारामागे, म्हणजे देव्हाऱ्यामागे, जपून ठेवलेलं तिचं रक्तगटाचं कार्ड सोबत आणलं होतं. ‘ओ पॉझिटिव्ह.’ लुईझाने क्रॉसमॅच लावली, म्हणजे पिशवीतलं रक्त स्टेफीच्या रक्ताशी जुळतं का ते बघितलं. पहिली पिशवी जुळेना. दुसरी जुळेना. ‘ओ’च्या सातही पिशव्यांशी स्टेफीचं रक्त भांडत होतं.

तिने शीतपेटीतून छोटी बाटली काढली. एका काटेरी झुडपाच्या बियांतलं प्रथिन. खऱ्या ‘ओ’ पेशींना ते हमखास धरतं, कारण त्यांच्या साखळीच्या टोकाला एक ठरावीक साखर असते. स्टेफीच्या पेशी सुट्ट्याच राहिल्या. ते टोकच नव्हतं. बॉम्बे रक्तगट! हजारोंत एखाद्याचा, आणि त्याला त्याच गटाचं रक्त चालतं. ‘ओ’ची एक पिशवी चढली असती तर पोर हातची गेली असती.

मग तिने कार्ड उलटंसुलटं केलं. अक्षर तिचंच होतं. एकवीस वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलमध्ये शिबिर झालं, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर लोक पांगायच्या आत सगळं गाव उरकायचं होतं. दोन-तीन थेंब, काचपट्टी, पुढे. माणसाच्या रक्तातलं पाणी ‘ओ’ पेशींशी ताडून बघायची दुसरी तपासणी तिने गाळली होती. गाळली म्हणजे कंटाळा केला, उगाच शब्द कशाला फिरवायचे?

असा गट सख्ख्या भावंडांत सापडायची आशा असते. तिने राजोडीला स्टेफीच्या भावाला, नेल्सनला, फोन केला. तो तिथे पर्यटकांसाठी कॉटेज चालवतो, पाहुणे तसेच सोडून आला. त्याच्याही पेशी सुट्ट्याच राहिल्या. लुईझाला रडू फुटलं, आनंदाचं. एक पिशवी त्याने दिली, दुसरी या गटाच्या दात्यांच्या मुंबईतल्या यादीतल्या एकाने.

पिशव्या तयार झाल्यावर ती आपणहून वॉर्डात गेली. तिथे रिचर्ड होता आणि स्टेफीची आई, आग्नेस.

“कार्डावरचं अक्षर माझं आहे. चूक माझी आहे.”

आग्नेसने तोंड फिरवलं. ती आणि लुईझा एका गल्लीतल्या, एका पंगतीला जेवलेल्या. सिझर सुखरूप झालं, मुलगी झाली, दोन्ही पिशव्या लागल्या. तरी आग्नेस लुईझाशी बोलली नाही. लुईझाला ते फार लागलं, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

शिबिराची वही तिच्या कपाटात होती. त्यात ‘ओ’ एकशे नव्वद. रविवारी मिस्सेनंतर तिने फादर आलोशियसांकडे माइक मागितला. आपण काय गाळलं, त्याने काय होता होता राहिलं, ते आपलं नाव न झाकता सांगितलं. ज्यांच्या कार्डावर ‘ओ’ आहे त्यांनी हॉलमध्ये यावं, पुन्हा तपासते, म्हणाली. कुजबुज झाली. माणसं दाराकडे सरकू लागली. जिच्या चुकीने पोर मरता मरता वाचली, तिच्याच हातात पुन्हा हात द्यायचा?

लुईझा हॉलमध्ये टेबल मांडून बसली. दहा मिनिटं कोणी फिरकलं नाही.

मग आग्नेस आली. आपलं ‘ओ’ लिहिलेलं जुनं कार्ड टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि बाही वर केली.

“या वेळी घाई करू नकोस,” ती म्हणाली.