माझ्या चेहऱ्यावर उघडलेलं खातं

येलहंक्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स निमित्ताला, खरं काम लोकांचे ऑनलाइन अर्ज भरण्याचं. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याच्या अर्जात मी माझाच नंबर घालते, ओटीपी माझ्याच फोनवर येतो आणि गाडं पुढे सरकतं. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. उलट अडल्यानडल्यांची अक्का म्हणून मी जरा तोऱ्यातच असायचे.

मुलगी तेव्हा आठवीत होती. ती फोटो टाकायची त्या ॲपने एके दिवशी वयाचा पुरावा मागितला. खरं वय सांगितलं असतं तर मुलांसाठीचं खातं मिळालं असतं. त्यावर अनोळखी माणसाला निरोप पाठवता येत नाही. पण त्यासाठी पालकांच्या संमतीची दोन पानं भरायची होती आणि काउंटरसमोर रांग लागली होती. ‘अक्का, स्वल्प बेग,’ जरा लवकर, म्हणून एकाने कानडीत घाई लावली होती. मी फोन माझ्याच तोंडासमोर धरला, डोळे मिचकावले, मान डावीउजवीकडे वळवली. हिरवी खूण आली. झालं बघ, म्हणत मी फोन तिच्या हातात दिला. ती खूश, मीही खूश.

दिवाळीनंतर ती शाळेत जाईना, धड जेवेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्या ॲपवर मैत्रीण म्हणून हिच्याशी कुणी अनोळखी बोलत होतं, ती मुलगी नव्हतीच, कुणी बाप्या होता, आणि त्याने हिचे फोटो विद्रूप करून वर्गभर पाठवले होते. पोलिसांनी तक्रार घेतली, तपास अजून चालूच आहे. ॲपच्या कंपनीला मी स्वतः लिहिलं. साऱ्या गल्लीच्या तक्रारी लिहिणारी मी, पण त्या दिवशी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं. खातेदार प्रौढ असल्याची पडताळणी झालेली आहे, त्यामुळे मुलांचे नियम लागू होत नाहीत. हरकत असल्यास खातेदाराने कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा.

शिव्या तरी कुणाला घालायच्या? मला माझीच किळस येते.

काल दुपारी मी फोन तिच्यासमोर धरला. एकदा चेहरा दाखव, तू लहान आहेस हे कंपनीला दिसलं की ते फोटो काढून टाकतील, असं सांगत होते. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. तिने ओढणी तोंडावर घेतली आणि भिंतीकडे वळली.

“तूच दाखव ना, आई,” ती म्हणाली. “तिथं तुझाच चेहरा आहे.”