पोळ्याची फटफटी

पोळ्याच्या दिवशी सकाळी मालनबाईनं पुरणाची डाळ चुलीवर चढवली होती. फेस काढून पळी बाजूला ठेवते न ठेवते तोच दाराची कडी वाजली. दारात शेजारचा आसाराम, डोक्यावर पोत्याची खोळ, पायाला चिखल.

"वैनी, तुमची म्हस लिंबाखाली आडवी झालीया. कळा देती, पर काय भाईर येईना."

मालनबाई तशीच पळाली. पावसाची भुरभुर सुरू होती आणि म्हैस उघड्यावर पडली होती. ती उघड्यावर होती, कारण गोठ्यात फटफटी होती.

ही फटफटी म्हणजे मालनबाईच्या नवऱ्याचं, पुंजारामाचं कर्तृत्व. केडगावात पुंजारामाइतका हुशार माणूस नाही, असं खुद्द पुंजारामाचं मत होतं. शेत त्यानं वाट्यानं दिलेलं, कारण नांगरामागं चालणं त्याला मानवत नसे. दारात बैल नव्हता. घर चालायचं ते दोन म्हशींच्या दुधावर. मालनबाई धारा काढायची आणि पुंजाराम सायकलीला किटल्या अडकवून नगरला रतीब घालून यायचा. उन्हाळ्यात त्याच्या मनानं घेतलं की सायकल काही आपल्या इभ्रतीला शोभत नाही. फटफटी पाहिजे, जुनी, स्वस्तातली, पण रोजच्या कामाची. "रोजच्या कामाची" हे तो इतक्यांदा म्हणाला, की मालनबाईलाही ते खरं वाटलं. बिचारीचं चुकलं ते एवढंच. दूध न्यायला गाडी हवी म्हणून दुधाची एक म्हैस विकली गेली. राहिली दुसरी, तीही गाभण.

भिंगारला एका निवृत्त ड्रायव्हरकडं पुंजाराम गाडी बघायला गेला, तो बैलबाजाराला जावं तसा. त्यानं गाडीला फेरी मारली, सीटवर थाप टाकली, टाकीवरून उलटा-सुलटा हात फिरवला आणि वाकून दिव्यात असं पाहिलं, जणू दातच मोजतोय.

"लाथ मारीत न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"किक उलटी बसते कधी कधी," ड्रायव्हर म्हणाला.

"मंजी तेज हाय जनावर!"

मग त्यानं उपरण्याखालून हात पुढं केला, बोटं दाबून भाव ठरवायला. ड्रायव्हरला वाटलं, गडी पसंत पडून हातच मिळवतोय. त्यानं तो हात धरून गदागदा हलवला आणि सौदा त्याच्याच भावानं पक्का झाला. फटफटी केडगावला आली ती बैलगाडीत बसून. इंजिन बंद होतं; ते चालतं का, हे पुंजारामानं विचारलंच नव्हतं. "उभं जनावर कवा आवाज करतं का?" म्हणाला.

मग नगरहून बन्सी मिस्त्री येऊ लागला. त्यानं इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, कार्बोरेटर रॉकेलनं धुतला, क्लचची तार नवी टाकली. तीनचार आठवडाबाजार गेले तेव्हा कुठं फटफटीनं पहिल्या किकला दाद दिली. ब्रेक तेवढे राहिले.

"पुंजाभाऊ, आदी ब्रेक बसवा," बन्सी म्हणाला.

"आदी रंग. उघडंनागडं जनावर दारात हुबं करू का?"

रंग झाला, तोही तांबडाभडक. किटल्या अडकवायला मागं लोखंडी चौकट बसवायची होती. तिनं रंग खरवडेल म्हणून ती राहिली. दूध आटेपर्यंत सायकलच नगरला जात होती, फक्त ती आता मालनबाई हाती धरून पायी न्यायची. फटफटी पुंजारामाला पानाच्या टपरीपर्यंत न्यायची आणि ब्रेक नसल्यानं टपरी ओलांडून मारुतीच्या पारापर्यंत. तिथून तो पाय घासत, जणू मुद्दाम दर्शनाला गेल्यासारखा, मागं वळून येई. पाऊस लागला तशी गोठ्यातल्या खुंट्याला साखळीनं फटफटी बांधली आणि म्हैस लिंबाखाली गेली. "तिचं कातडं जाड हाय, याचा रंग वला हाय," हा त्यावरचा न्याय.

मालनबाई लिंबाखालून धावत गोठ्यात आली, तर पुंजाराम सजावटीत दंग. फटफटीच्या दोन्ही मुठींना शिंगांसारखा हिंगूळ लावलेला, वर बेगड, दिव्याला बाशिंग, टाकीला घुंगुरमाळ, सीटवर झूल. संध्याकाळी वेशीतून मिरवायला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारचं काहीतरी होतं.

"अवं, म्हस अडलीया! गाडी काढा, नगरातनं ढोरांच्या डॉक्टरला घिऊन या."

पुंजारामानं बाशिंग सरळ केलं. "आज?"

"न्हाई, पुढच्या पोळ्याला! ती गेली तर खायाचं काय?"

"खुळी का काय तू? आज आवस. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठिवत न्हाईत."

"लोखंडाला कसली आवस?"

"पेट्रोल खातं न्हवं? जे खातं त्येला जीव असतो."

"मग शेण बी टाकाया लावा! गवऱ्या तरी थापीन!"

कुडाबाहेर उभ्या आसारामाला हसू फुटलं. पण हसण्याची वेळ नव्हती. त्यानं भिंतीला टेकलेली सायकल उचलली, टायर दाबून पाहिलं आणि नगरच्या रस्त्याला लागला. मालनबाई म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. म्हशीचे डोळे फिरू लागले होते. चुलीवरची डाळ करपल्याचा वास लिंबापर्यंत आला तरी ती उठली नाही. गोठ्यात घुंगरं वाजत होती. पुंजाराम माळ नीट बसवत होता.

आसाराम परतला तो डॉक्टरला कॅरिअरवर डबलसीट घेऊन. डॉक्टरनं शर्ट काढला, कोपरापर्यंत हात घातला. पिलाचा पुढचा पाय दुमडलेला होता. पुष्कळ खटपटीनं तो सरळ झाला आणि रेडकू एकदाचं चिखलात घसरलं. मालनबाईनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा पदरानं पुसला. ते शिंकलं.

"दोन्ही जगतील," हात धूत डॉक्टर म्हणाला. "पण आधी कोरड्यात न्या. या गारठ्यात रेडकू टिकायचं नाही."

तेवढ्यात पुंजाराम कपाळाला गुलाल लावून आला. "बगितलं?" तो डॉक्टरला म्हणाला, "आवस पाळली, म्हनून देवानं राखलं."

आसारामानं आभाळाकडं पाहिलं. डॉक्टरनं शर्ट अंगात चढवला. मालनबाईनं थरथरणारं रेडकू उचलून छातीशी धरलं, गोठ्याच्या दारापर्यंत गेली आणि नवऱ्याकडं वळली. ती चिडली नाही, रडली नाही.

"फटफटी भाईर काढा," ती म्हणाली. "म्हशीला आत बांधायचं हाय."