देवदूतांना टाळी शिकवणारी रेजिनाबाय

म्युझियमच्या बाकावर बसल्या बसल्या नतालीनच्या पापण्या जड होतात. टळटळीत दुपार आहे, पण तिचं शरीर अजून वसईच्याच घड्याळावर चालतं. बेल्जियमला मुलाकडे येऊन थोडेच दिवस झालेत. मुलगा, संदेश, कॉफी आणायला खाली गेलाय. समोर लाकडी फळीवर रंगवलेलं शेकडो वर्षांपूर्वीचं चित्र आहे. तांबड्या झग्यातली पवित्र मारिया, मांडीवर बाळ येशू, बाजूला गाणारे देवदूत. देवदूतांच्या कपाळांवर ह्या एवढ्या आठ्या.

आठ्या घालून कुणी गातं का, असं नतालीनच्या मनात येतं, आणि चित्रातूनच उत्तर येतं.

"शाळेतली पोरं गातात. साहेब तपासणीला आला की."

आवाज रेजिनाबायचा. गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात वारलेली थोरली बहीण देवदूतांच्या मधोमध पाटावर बसलीय, लाल लुगडं नेसून, ऐसपैस. नतालीनला नवल वाटत नाही. बरं वाटतं.

"तू इथे काय करतेस गं?"

"ह्यांना शिकवतेय. गळा सोन्याचा आहे मेल्यांचा, पण टाळीच्या नावानं शंख. ये आत."

म्युझियमची फरशी हिरवळ होते. बारीक पांढरी फुलं, रंगवलेली, तरी पायाला ओली लागतात. मारियेच्या झग्याचा घोळ गवतावर लांबवर पसरलाय. रेजिनाबाय तो उचलून नीट खोचते. "माते, मळेल गं सगळं." मारिया बाळाला दुसऱ्या मांडीवर घेते आणि हसू दाबते.

मागे दूरवर सुळकेदार मनोऱ्यांचं चिमुकलं गाव आहे. नतालीन तिकडे बघते, तर तिथे वसईतल्या तिच्या निर्मळ गावच्या केळीच्या वाड्या आहेत. मग त्या दूर नसतातच. लग्नाचा मांडव घातलाय, हिरव्या झावळ्यांचा वास सुटलाय, देवदूत सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेत.

"माझ्या लेकीचं, स्नेहलचं लग्न ठरलं म्हणे," रेजिनाबाय म्हणते.

"नाताळ झाला की."

"आणि तू, तिच्या मावशीनं सांगितलंय, मी गाणार नाही, डीजे बोलवा."

नतालीन मान खाली घालते. जन्मभर दोघी जोडीनं गायल्या. कुणाचाही मांडव असो, रेजिनाबायनं ओळ उचलायची, हिनं झेलायची. "उचलणारीच गेली. मी काय झेलू, सांग?"

"मग तू उचल. झेलायला माणसं मिळतात गं. हे बघ, हे तर पंख घेऊन बसलेत."

नतालीन तोंड उघडते. आधी नुसता वारा येतो. मग फाटका, मग तिचा स्वतःचा आवाज.

*केळीच्या पानावर दव गं साचलं,*
*नवरीच्या डोळ्यांत गाव गं नाचलं.*

देवदूत ओळ झेलतात, पण टाळी भलतीकडेच पडते. रेजिनाबाय तिथल्या तिथे जुळवते,

*देवाघरचे गवई मोठे नावाचे,*
*टाळीला चुकले, राहिले ना गावाचे!*

नतालीन पोट धरधरून हसते. देवदूतही हसतात आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम पुसल्या जातात. बाळ दोन्ही हात आपटतं, अगदी ठेक्यात.

"बघा, शिका ह्याच्याकडून!" रेजिनाबाय ओरडते. ती नतालीनसमोर येऊन बसते, तळव्यावर तळवा मारते. ठेका वाढतो. "गाशील ना?"

"गाईन."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं गं बाई, गाईन!"

फाट. फाट. फाट. मांडव हलतो, झावळ्या सळसळतात.

"आई." संदेश कॉफी घेऊन उभा आहे. फरशी, बाक, खिडकीतून आलेलं ऊन. "छान झोपलीस. तो गार्ड म्हणाला, हलली पण नाही, हात मांडीवर तसेच."

नतालीन कॉफी घ्यायला हात पुढे करते, आणि संदेश कप मागे घेतो. "हे काय झालं?"

तिचे दोन्ही तळवे लालबुंद झालेत, चुरचुरतायत.

नतालीन ते उलटसुलट करून बघते, गालांना लावते. गरम आहेत.

"तुझ्या मावशीचा हात," ती हसत म्हणते, "पहिल्यापासूनच जड."